आलेल्याची आणि गेलेल्याची बेरीज

बास्केटबॉलच्या एखाद्या संघानं मोठा खेळाडू देऊन दुसरा आणला की दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच तक्ता दिसतो. डावीकडे गेलेला, उजवीकडे आलेला. खाली गुण, रिबाउंड, असिस्ट, वय, पगार. ज्याचा आकडा मोठा त्याच्यापुढे हिरवा बाण, दुसऱ्यापुढे लाल. चहा संपायच्या आत सौद्याचा निकाल लागलेला असतो. या तक्त्याचा मला राग आहे. मी कोच नव्हतो आणि नाव घ्यावं असा खेळाडूही नव्हतो. नागपुरातल्या एका बँकेतून निवृत्त झालो, आणि नोकरीच्या आधीपासून बास्केटबॉलच्या टेबलवर स्कोअरर म्हणून बसत आलो. म्हणजे आकडे लिहिणं हेच माझं काम. म्हणूनच आकड्यांत काय येत नाही हे मला जरा जास्त कळतं.

ज्यांनी स्कोअरशीट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं किंवा काळं. दोन गुणांची बास्केट झाली की धावत्या स्कोअरवर तिरकी रेघ, फ्री थ्रो झाला की ठिपका, तीन गुणांची झाली की खेळाडूच्या नंबरभोवती गोल. फाऊल, टाइम-आउट. संपलं. एखाद्या पोरानं छाती पुढे करून स्क्रीन लावला, त्यामुळे गार्डला हातभर जागा मिळाली आणि बास्केट झाली, तर शीटवर गार्डच्या नावावर तिरकी रेघ येते. स्क्रीन लावणाऱ्याच्या नावावर काही येत नाही. उलट स्क्रीन लावताना हलला तर फाऊल येतो. तेवढा मात्र आम्ही इमानदारीनं लिहितो.

आमच्या विद्यापीठाच्या स्पर्धेत असा एक पिव्हट होता. आडव्या बांध्याचा, उडी यथातथाच, अख्ख्या सामन्यात चार-सहा गुण. पुढच्या वर्षी त्याच्या कॉलेजनं त्याच्या जागी बाहेरगावचा एक उंच मुलगा आणला. तो सामन्याला पंधरा-सोळा गुण करायचा. तक्ता मांडला असता तर कॉलेजची चांदीच होती. पण त्या संघाचा जो गार्ड आदल्या वर्षी वीस-बावीस गुण करायचा तो दहा-बारावर आला. लोक म्हणाले, पोराला माज चढला, सराव करत नाही. पोरगा तोच होता आणि सरावही तोच होता. त्याच्यासाठी रस्ता मोकळा करणारा तेवढा राहिला नव्हता. उंच मुलगा चेंडू मागत पेंटमध्ये उभा राहायचा आणि गार्डचा रस्ता त्याच्याच अंगानं बंद व्हायचा. आलेल्याचे दहा गुण वाढले आणि राहिलेल्याचे दहा गेले. कॉलेज उपांत्य फेरीही गाठू शकलं नाही.

आपल्याकडे या तक्त्यावर पटकन विश्वास बसतो, त्याला क्रिकेट कारण आहे असं मला वाटतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईला आणि रवींद्र जडेजा, सॅम करन राजस्थानला गेले, तेव्हा घरोघरी हेच गणित चाललं होतं, आणि क्रिकेटमध्ये ते बऱ्यापैकी चालतंही. समोरून चेंडू येतो आणि तो फलंदाज एकटा खेळतो. दुसऱ्या टोकाला कोण उभा आहे यानं थोडाफार फरक पडतो, पण शतक ज्याचं त्याचंच असतं. बास्केटबॉलमध्ये चेंडू एक, हात दहा, आणि चोवीस सेकंदांत तो बास्केटकडे गेलाच पाहिजे. एकानं चेंडू जास्त धरला तर उरलेल्या चौघांना तो कमी मिळतो. एक जण बचावात अर्धं पाऊल उशिरा पोचला तर दुसऱ्याला आपला माणूस सोडून धावावं लागतं, मग तिसऱ्याला त्या दुसऱ्याचा माणूस सांभाळावा लागतो. इथं कुणाचाच आकडा निव्वळ त्याचा नसतो.

हे सगळं मला नीट कळलं ते एका परदेशी संघामुळे. माझा भाचा कॅनडात मिसिसागाला असतो आणि टोरंटो रॅप्टर्सवर त्याचा जीव आहे. १८ जुलै २०१८ ला त्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं घरात काही झालं. त्याचा गळा भरून आला होता. "मामाजी, त्यांनी डीमारला काढलं."

डीमार म्हणजे डीमार डीरोझन. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचा मुलगा. २००९ मध्ये नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर टोरंटोनं त्याला घेतलं आणि नऊ मोसम तो तिथंच खेळला. टोरंटो म्हणजे थंडीचं, परदेशातलं, नामवंत अमेरिकी खेळाडू शक्यतो टाळायचे असं शहर. डीरोझननं ते टाळलं नाही. २०१६ मध्ये करार संपला तेव्हाही तो पुन्हा तिथंच सही करून मोकळा झाला. संघ सोडताना क्लबच्या इतिहासात सगळ्यांत जास्त गुण त्याच्या नावावर होते. २०१८ च्याच फेब्रुवारीत आपल्या नैराश्याबद्दल तो उघडपणे बोलला होता आणि अमेरिकी खेळाच्या जगात त्यामुळे इतरांनाही बोलायचं धाडस आलं. माझा भाचा ज्या शहरात नवखा म्हणून उतरला, तिथं हा माणूस त्याला आधीपासून ओळखीचा वाटत असे.

रॅप्टर्सचे तेव्हाचे अध्यक्ष मसाई उजिरी यांनी डीरोझन, सेंटर याकोब पर्टल आणि २०१९ चा पहिल्या फेरीचा एक संरक्षित ड्राफ्ट-पिक सॅन अँटोनियो स्पर्सला दिला आणि कवाय लेनर्ड व डॅनी ग्रीन यांना आणलं. लेनर्ड २०१४ च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, दोनदा सर्वोत्तम बचावपटू. पण मांडीच्या दुखण्यानं आदल्या मोसमात फक्त ९ सामने खेळलेला, स्पर्सशी बिनसलेला, आणि वर्षभरात कराराबाहेर पडू शकणारा. टोरंटोला यायची त्याला हौस आहे असं कुणीही म्हणत नव्हतं. डीरोझनला तर उन्हाळ्यात आपण कुठं जात नाही अशी समजूत दिली गेली होती असं त्याचं म्हणणं होतं. उजिरींनी नंतर त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली.

भाच्याचा तक्ता मी आजही विसरलेलो नाही. डीरोझन: २३ गुण, ५ असिस्ट, ८० सामने. लेनर्ड: ९ सामने. "आणि मामाजी, लेब्रॉन या वर्षी पश्चिमेला गेला, लेकर्सकडे. तीन वर्षं आमच्या छातीवर बसला होता. आता कुठं रस्ता मोकळा झाला, तर यांनी आपलाच माणूस विकला!"

तक्रार चुकीची नव्हती. २०१६, २०१७, २०१८ अशी सलग तीन वर्षं लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडनं रॅप्टर्सला प्लेऑफमधून बाहेर काढलं होतं. २०१७-१८ चा मोसम तर टोरंटोचा तोवरचा सर्वोत्तम होता. ५९ विजय, २३ पराभव, पूर्व विभागात पहिला क्रमांक, ड्वेन केसी वर्षातले सर्वोत्तम कोच. आणि दुसऱ्या फेरीत क्लीव्हलँडकडून ०-४. तिसऱ्या सामन्यात डीरोझनचे ८ गुण होते, चौथ्या क्वार्टरला त्याला बेंचवर बसवावं लागलं आणि शेवटच्या क्षणी लेब्रॉननं पळत पळत बोर्डावर चेंडू मारून सामना नेला. केसी सर्वोत्तम कोच ठरले खरे, पण पुरस्कार हातात पडायच्या आतच नोकरी गेली होती.

आता भाच्याचा तक्ता बाजूला ठेवू आणि त्या मालिकेत काय दिसत होतं ते पाहू. डीरोझनची हुकमत मधल्या पट्ट्यात. डावी-उजवीकडे झुकांडी देऊन पंधरा-सोळा फुटांवरून मारायचा, किंवा आत घुसून फाऊल काढायचा. मोसमभर हे चालतं, कारण मोसमात रोज नवा प्रतिस्पर्धी असतो आणि कुणालाच तुमचा अभ्यास करायला सवड नसते. प्लेऑफमध्ये एकाच संघाशी चार ते सात वेळा गाठ पडते. समोरचा कोच तुमचं आवडतं पाऊल दुसऱ्या सामन्यापर्यंत पाठ करतो. त्यात डीरोझनचा तीन गुणांचा नेम त्या वर्षी ३१ टक्के. म्हणजे त्याच्यापासून दोन पावलं मागं उभं राहिलं तरी चालतं, आणि ती दोन पावलं दुसऱ्या कुणाचा तरी रस्ता अडवायला वापरता येतात. बचावात तर समोरचा संघ हाच कच्चा दुवा शोधून त्याच्यावरच खेळ चालवायचा. यातलं काहीही '२३ गुण' या आकड्यात नाही. उजिरींसमोरचा प्रश्न दोघांत मोठा कोण हा नव्हता. मे महिन्यात आपण दरवर्षी नेमके कशानं हरतो, हा होता.

पुढचा मोसम तर तक्तावाल्यांचा गोंधळच उडवणारा आहे. लेनर्ड आला, निक नर्स कोच झाले, आणि रॅप्टर्सनी जिंकले ५८ सामने. आदल्या वर्षीपेक्षा एक कमी! त्यातही लेनर्ड खेळला ६० सामने. दुखापत उलटू नये म्हणून त्याला मधूनमधून विश्रांती दिली जायची. तो नसलेल्या २२ सामन्यांत संघ १७ जिंकला. म्हणजे तो असताना ६० पैकी ४१ विजय आणि नसताना २२ पैकी १७. नुसतं गणित केलं तर हा माणूस संघाला खाली ओढत होता असंच म्हणावं लागेल. ३ जानेवारी २०१९ ला रॅप्टर्स सॅन अँटोनियोला गेले. लोकांनी लेनर्डची हुर्यो उडवली, डीरोझननं कारकिर्दीतलं पहिलं ट्रिपल-डबल केलं आणि स्पर्स १२५-१०७ असे जिंकले. भाच्यानं तेव्हा मला फक्त स्कोअर पाठवला, मजकूर काही नाही.

मी ते २२ सामने वेगळ्या नजरेनं वाचतो. पास्कल सियाकम आदल्या वर्षी ७.३ गुणांच्या सरासरीचा राखीव खेळाडू होता. या वर्षी १६.९ वर गेला आणि सर्वाधिक सुधारणा करणारा खेळाडू ठरला. फ्रेड व्हॅनव्हलीटला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. डीरोझन रोज खेळायचा; संघ रोज त्याच्या आधारानं चालायचा. लेनर्ड मधूनच गायब व्हायचा. त्या रात्री चेंडू कुणीतरी हातात घ्यायलाच हवा होता. बँकेत आम्ही हे कितीदा पाहिलं. शाखेचा जुना, सगळं येणारा अधिकारी बदलून जातो, नवा येतो तो आठवड्यातले दोन दिवस मुख्य कार्यालयात. आणि सहा महिन्यांत कॅशच्या काउंटरवरचा पोरगा कर्जाचं प्रकरण एकहाती उभं करायला लागलेला असतो. त्याच्या कामाचं श्रेय कुणाच्या नावावर टाकायचं? जुन्याच्या जाण्याच्या, नव्याच्या गैरहजेरीच्या, की त्या पोराच्या? बढतीचा अहवाल लिहिताना मी हा प्रश्न नेहमीच टाळत आलो.

पण या साऱ्या प्रकरणातला खरा धडा लेनर्डचा नाही, मार्क गसोलचा आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये रॅप्टर्सनी आपला सेंटर योनास वालांच्युनस, सोबत डेलन राइट, सी. जे. माइल्स आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक मेम्फिसला देऊन गसोलला आणलं. वालांच्युनस २६ वर्षांचा, गसोल ३४ चा. वालांच्युनसची त्या मोसमातली टोरंटोची सरासरी १२.८ गुण, ७.२ रिबाउंड. गसोल टोरंटोत आल्यावर त्याची झाली ९.१ गुण, ६.६ रिबाउंड, मेम्फिसला तो १५.७ गुण करत होता. आणि वालांच्युनस? मेम्फिसला जाऊन उरलेल्या मोसमात १९.९ गुण आणि १०.७ रिबाउंड! म्हणजे टोरंटोनं तरुण दिला, म्हातारा घेतला. दिलेला फुलला, घेतलेला आटला. हिरवे बाण सगळे मेम्फिसकडे, लाल सगळे टोरंटोकडे. यापेक्षा वाईट सौदा कागदावर मांडून दाखवता येणार नाही.

आता मैदानावर या. वालांच्युनसला चेंडू लागायचा तो बास्केटच्या बुडाशी. तो तिथं उभा राहिला की त्याचा रक्षकही तिथंच उभा, म्हणजे आत घुसणाऱ्या गार्ड काइल लाउरीला, सियाकमला पुढं भिंत. गसोल तीन गुणांच्या रेषेपाशी उभा राहायचा आणि टोरंटोत त्याचा तिथला नेम ४४ टक्क्यांच्या वर होता. रक्षकाला बाहेर यावंच लागायचं. भिंत हटली. शिवाय गसोलकडे चेंडू गेला की तो थांबायचा नाही. पाहायचा आणि द्यायचा. स्वतः मारायचा इतका कमी की टोरंटोचे लोक टीव्हीसमोर ओरडायचे, अरे मार बाबा! आणि बचाव. हा २०१३ चा सर्वोत्तम बचावपटू. फिलाडेल्फियाच्या जोएल एम्बीडची त्या मोसमाची सरासरी होती २७.५ गुण. रॅप्टर्सविरुद्धच्या सात सामन्यांत ती १७.६ वर आली. एम्बीडची तब्येत त्या मालिकेत बरी नव्हती हे मान्य. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात दोघे पुन्हा समोरासमोर आले तेव्हा एम्बीडनं अकरा वेळा नेम धरला आणि एकही बास्केट झाली नाही. गुण शून्य. न झालेल्या बास्केटला तिरकी रेघ नसते. त्या मालिकेत कमी झालेले ते दहा गुण गसोलच्या तक्त्यात कुठं लिहायचे?

तक्त्याचे शहाणे समर्थक म्हणतील, त्यासाठी प्लस-मायनस आहे की. खेळाडू मैदानावर असताना संघानं किती गुण जास्त केले किंवा कमी, ते मोजायचं. ठीक आहे, माझ्या लाल-निळ्या पेनापेक्षा ते पुष्कळ पुढचं आहे. पण चार भक्कम गड्यांबरोबर खेळणाऱ्याचा प्लस फुगतो आणि बुडत्या जोडीत अडकलेल्याचा मायनस. शास्त्रज्ञ मंडळी त्यावरही उपाय काढतात, सोबत्यांचा वाटा वजा करतात. तो उपाय नीट चालायला पुष्कळ सामने लागतात, आणि नव्यानं आलेल्या खेळाडूच्या बाबतीत तेच हाताशी नसतात. गसोलच्या बाबतीत उजिरींकडे नव्या संघातला एकही सामना नव्हता. त्यांनी काय पाहिलं असेल? माझा अंदाज: काय करतो यापेक्षा तो कुठं उभा राहतो, हे पाहिलं असेल.

प्लेऑफ सुरू झाली तसा लेनर्डचा दुसरा हिशेब उघडला. मोसमात २६.६ गुणांची सरासरी असलेला हा माणूस प्लेऑफच्या २४ सामन्यांत ३०.५ वर गेला. एकूण ७३२ गुण. फिलाडेल्फियाविरुद्धच्या सातव्या सामन्यात, १२ मे रोजी, ९०-९० असताना कोपऱ्यातून त्यानं मारलेला चेंडू रिंगवर चार वेळा आदळून आत पडला. मिलवॉकीविरुद्ध ०-२ असे मागं पडल्यावर तिसऱ्या सामन्यापासून त्यानं यानिस आन्टेटोकुन्पोला अंगावर घेतलं. यानिस त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू आणि मिलवॉकी ६० सामने जिंकलेला संघ. तो तिसरा सामना दोनदा जादा वेळेत गेला, लेनर्ड पायाच्या दुखण्यासकट ५२ मिनिटं खेळला, आणि तिथून रॅप्टर्स सलग चार जिंकले. माझ्या भाच्याच्या लेब्रॉनच्या मुद्द्याला मला इथं उत्तर सापडलं. लेब्रॉन गेला, पण रस्ता रिकामा नव्हता. तिथं यानिस उभा होता. डीरोझनला यानिसच्या समोर उभं करण्याची कल्पना डीरोझनच्या आईलाही रुचली नसती.

आणि डॅनी ग्रीन, सौद्यात तोंडी लावायला आलेला. मोसमात तीन गुणांचा नेम ४५.५ टक्के, लीगमध्ये दुसरा. मिलवॉकीविरुद्धच्या मालिकेत मात्र २३ पैकी फक्त ४ पडले आणि लोकांनी त्याला शिव्या घातल्या. गंमत अशी की ते एकोणीस नेम चुकत असतानाही त्याचा रक्षक त्याला सोडून हलला नाही, कारण मोसमभराची दहशत होती. पुढं अंतिम मालिकेच्या तिसऱ्या सामन्यात त्यानं सहा टाकले. चुकणाऱ्याचाही उपयोग असतो, फक्त तो चुकेल अशी समोरच्याची खात्री झाली नसली पाहिजे.

१३ जून २०१९ ला, आपल्याकडे १४ च्या सकाळी, रॅप्टर्सनी गोल्डन स्टेटला सहाव्या सामन्यात ११४-११० हरवून विजेतेपद मिळवलं. केव्हिन ड्युरांट आणि क्ले थॉम्पसन या गोल्डन स्टेटच्या दोघांच्या दुखापतींचा त्यात मोठा वाटा होता. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या शेवटच्या सामन्याचा स्कोअर पाहा: लाउरी २६, सियाकम २६, लेनर्ड २२, व्हॅनव्हलीट २२. ज्याला आणल्यामुळे संघ विजेता झाला असं जग म्हणतं, त्याच्यापेक्षा आधीपासूनचे दोघे पुढं.

"मग रिंगवरचा तो चौथा टप्पा बाहेर पडला असता तर?" हा प्रश्न भाच्यानं विचारला नाही, माझ्या टेबलवरच्या जुन्या सहकाऱ्यानं विचारला. तो टायमर होता, त्यामुळे शेवटच्या सेकंदाविषयी फार बोलतो. चेंडू बाहेर पडला असता, जादा वेळेत रॅप्टर्स हरले असते, जुलैत लेनर्ड निघून गेला असता, तर उजिरी मूर्ख ठरले असते का? माझं मत: नाही. सौद्याची पारख त्या दिवशी जे ठाऊक होतं त्यावर व्हावी. तीन वर्षं एकाच पद्धतीनं हरलेला संघ, त्या पद्धतीवरचा नेमका इलाज असलेला एक खेळाडू, आणि तो एक वर्षच मिळेल ही जोखीम. हे १८ जुलैला जसं मांडता येत होतं तसंच १२ मेच्या रात्री चेंडू रिंगवर असतानाही मांडता येत होतं. टायमर म्हणाला, "हे सगळं तू जिंकल्यावर बोलून राहिला." बोलू दे त्याला.

लेनर्ड जुलै २०१९ मध्ये खरंच लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे गेला, ग्रीन लेकर्सकडे. त्यांच्या जागी त्यांच्या तोडीचं कुणीही आलं नाही. आणि रॅप्टर्सनी कोविडनं तोडलेल्या २०१९-२० च्या मोसमात ७२ पैकी ५३ सामने जिंकले. टक्केवारीत हे विजेतेपदाच्या वर्षापेक्षा जास्त! पुन्हा तक्तावाल्यांची पंचाईत: लेनर्ड असताना ५८-२४, नसताना ५३-१९. मग त्याचं मोल काय? ते मोल दुसऱ्या फेरीत बॉस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात दिसलं. रॅप्टर्स ८७-९२ असे हरले. सियाकमचा, ज्याची त्या मोसमाची सरासरी जवळजवळ २३ होती, त्या मालिकेत घाम निघाला. चोवीस सेकंदांचं घड्याळ संपत आलंय, आखलेलं सगळं फसलंय, आणि तरीही ज्याच्याकडे चेंडू द्यावा, असा कुणी त्या मैदानात नव्हता. मोसमभर अशा माणसाची गरज फारशी लागत नाही, म्हणून सरासरीत तो मावत नाही.

डीरोझनच्या बाजूनंही बोललं पाहिजे. स्पर्सनं त्याच्या पहिल्या मोसमात ४८ सामने जिंकले, आधीच्या वर्षी ४७ होते. तिथं त्यानं अख्ख्या मोसमात तीन गुणांचे जेमतेम ४५ नेम घेतले, पण त्याचे असिस्ट सहाच्या वर गेले. तो चेंडू वाटणारा खेळाडू झाला. तेही नव्या सोबत्यांमुळेच. २२ फेब्रुवारी २०१९ ला तो टोरंटोला आला तेव्हा प्रेक्षक उभे राहिले. त्याच सामन्याच्या अगदी शेवटी लेनर्डनं त्याच्याच हातातला चेंडू काढून घेतला, एकटा पळत जाऊन डंक केला आणि रॅप्टर्स १२०-११७ असे जिंकले. भाचा त्या रात्री स्टेडियममध्ये होता. टाळ्या वाजवल्या का, असं मी विचारलं. "दोन्ही वेळेला वाजवल्या मामाजी, पण दुसऱ्यांदा वाजवताना लाज वाटली," म्हणाला. त्याच्या रागाला मी कधी खोडून काढलं नाही. संघ बनवणाऱ्याचा निर्णय बरोबर असणं आणि ज्याला काढलं त्याच्याशी वागणं धड नसणं, या दोन्ही गोष्टी एकाच सौद्यात असू शकतात.

सौद्याचे धागे तर अजून निघतात. टोरंटोनं दिलेल्या त्या पिकवर स्पर्सनं २०१९ मध्ये केल्डन जॉन्सन घेतला, एकोणतिसाव्या क्रमांकावर, आणि तो त्यांचा कामाचा खेळाडू निघाला. पर्टलला टोरंटोनं फेब्रुवारी २०२३ मध्ये परत आणलं, त्यासाठी पहिल्या फेरीचा आणखी एक पिक मोजून. सियाकम जानेवारी २०२४ मध्ये इंडियानाला गेला आणि २०२५ मध्ये त्या संघाबरोबर अंतिम मालिका खेळला. त्याच्या बदल्यात आलेला ब्रुस ब्राऊन आणि एक पिक पुढं देऊन फेब्रुवारी २०२५ मध्ये रॅप्टर्सनी ब्रँडन इंग्राम आणला.

भाच्यानं लगेच तक्ता पाठवला. डावीकडे सियाकम, उजवीकडे इंग्राम. खाली विचारलंय, मामाजी, बोला आता. मी त्याला कळवलं की दोघांच्याही सरासरीत मला रस नाही. इंग्रामही मधल्या पट्ट्यात चेंडू धरून मारणारा आहे, डीरोझनच्याच जातकुळीचा. तेव्हा त्याचे गुण मोजण्याआधी इंग्रामकडे चेंडू असताना रॅप्टर्सचा स्कॉटी बार्न्स कुठं उभा राहतो ते बघ. बार्न्सचा रक्षक त्याला सोडून आत सरकतो का ते बघ. पर्टल बुडाशी अडकून पडतो की स्क्रीन लावून मोकळा होतो, ते बघ. आणि हे सगळं नोव्हेंबरात बघितलंस तर एप्रिलमध्ये पुन्हा बघ, त्याच संघाविरुद्ध चौथ्यांदा खेळताना. त्यानं उत्तर दिलं, "एवढं सगळं लिहायला तक्त्यात जागा कुठं आहे?"